सोल्डर वायर घ्यायला निघालात? आधी ‘काय जोडायचंय’ ते ठरवा

(हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना आकडे सुटतात अशी तक्रार असते, म्हणून या वेळी सगळे आकडे इथे नीट दिलेत. दुकानात उभं राहून मोबाइलवर वाचता येतील.)



आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे आलाय. घाटकोपरहून एका श्रोता मैत्रिणीने पाठवलीय. तिने गेल्या वर्षी घरच्या गणपतीच्या मखराला स्वतः एलईडी पट्ट्या लावल्या होत्या. पट्ट्या कापल्या, वायरी जोडल्या, १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला, दहा दिवस मस्त चाललं. यंदा माळ्यावरून मखर खाली काढलं, प्लग लावला, तर अर्ध्या पट्ट्या बंद. जवळून बघितलं तर सांधे हिरवे पडलेले. दोन वायरी हात लावताच सुटून आल्या.

तिचे प्रश्न तीन. एक, हे हिरवं का झालं? दोन, आता लॅमिंग्टन रोडला जाणार आहे, तर नक्की कुठली सोल्डर वायर मागू? आणि तीन, ‘दादा, घरात दीड वर्षाचा भाचा आहे, सगळीकडे रांगतो. शिसं असलेली वायर आणली तर चालेल का?’

तिसरा प्रश्न तिने शेवटी आणि घाईघाईत विचारलाय, पण माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपण क्रमाने जाऊ. इलेक्ट्रॉनिक्सवाले आणि मॉडेल बनवणारे, दोघांसाठी आजचा भाग आहे.

कल्हईवाला आठवतोय का?

सोल्डर म्हणजे धातूचा गोंद, असं बऱ्याच जणांना वाटतं. गोंद वरून चिकटतो. सोल्डर मात्र वितळून तांब्याच्या पृष्ठभागाशी मिसळतं आणि मधे एक पातळसा मिश्र थर तयार होतो. तो थर झाला तर सांधा पक्का. नाही झाला तर सोल्डरचा गोळा नुसता वर बसून राहतो आणि टिचकी मारली की पडतो.

हे समजायला आपल्याकडे छान उदाहरण आहे, कल्हई. तुम्ही बघितली नसेल तर आजीला विचारा. कल्हईवाला तांब्या-पितळेचं भांडं आधी घासायचा, भट्टीवर तापवायचा, त्यात नवसागराची चिमूट टाकायचा, भसकन पांढरा धूर यायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवायचा. भांडं आतून चांदीसारखं लख्ख. कथील म्हणजे टिन. आपल्या सोल्डर वायरमधला मुख्य धातू तोच.

आता या कृतीतला नवसागर काय करतो ते बघा. तांब्यावर हवेमुळे ऑक्साइडचा थर चढलेला असतो. त्या थरावर कथील पसरत नाही, थेंब होऊन पळतं. नवसागर गरम झाला की तो थर खाऊन टाकतो, खालचं स्वच्छ तांबं उघडं पडतं आणि कथील त्यावर पाण्यासारखं पसरतं. या मदतनिसाला फ्लक्स म्हणतात. कल्हईवाल्याचा फ्लक्स नवसागर, सोनाराचा फ्लक्स टाकणखार, आणि इलेक्ट्रॉनिक्सचा फ्लक्स राळ. हीच ती पाइनच्या झाडाची राळ, इंग्रजीत रोझिन.

सोल्डर विकत घेताना तुम्ही खरं तर दोन गोष्टी विकत घेता. एक धातू आणि दुसरा फ्लक्स. आपण सगळे धातूची चर्चा करत बसतो, शिसं की बिनशिसं, ६० की ६३. आणि मखर हिरवं होतं ते बहुतेक वेळा फ्लक्समुळे.

हिरवं का झालं?

तिला मी उलट विचारलं, फ्लक्स कुठला वापरलास? उत्तर आलं, ‘घरात पेस्टची एक गोल डबी होती, काकांच्या प्लंबिंगच्या सामानात.’ झालं, चोर सापडला.

पत्र्याच्या आणि नळाच्या कामाची पेस्ट किंवा द्रव यात बहुतेकदा झिंक क्लोराइड असतं, कधी सोबत नवसागर. ते जोरदार साफसफाई करतं, गंजलेल्या पत्र्यावरसुद्धा सोल्डर बसवतं. पण काम झाल्यावर ते थांबत नाही. झिंक क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं. आणि आपल्या मुंबईत पावसाळ्यात हवेत ओलावा किती? जुलै-ऑगस्टमध्ये ऐंशी टक्क्यांच्या वर आर्द्रता ही रोजची गोष्ट. म्हणजे माळ्यावर ठेवलेल्या मखराच्या प्रत्येक सांध्यावर वर्षभर आम्लाचा एक ओलसर थेंब बसून तांबं खात होता. त्यात दहा दिवस १२ व्होल्टचा प्रवाह वाहिलेला, त्यामुळे हे काम आणखी वेगाने झालं. अशा सांध्यात पॉझिटिव्ह बाजूची वायर जास्त खाल्ली जाते. तुमच्याकडेही असं झालं असेल तर लाल वायर तपासा.

राळेचं वागणं वेगळं आहे. गरम असताना ती सौम्य आम्लासारखी वागते, ऑक्साइड काढते. थंड झाली की कडक, काचेसारखी होते आणि गप्प बसते. पाणी ओढत नाही. म्हणून राळेचा पिवळसर थर सांध्यावर राहिला तरी साधारण छंदाच्या कामात बिघडत नाही.

एक बारीक फरक लक्षात ठेवा. राळेतसुद्धा कधी कधी पारदर्शक हिरवट झाक येते. ती तांबं आणि राळ यांच्या संयुगाची, निरुपद्रवी असते. धोक्याचं हिरवं पावडरसारखं, फुगलेलं असतं आणि दिवसेंदिवस वाढत जातं.

मग ॲसिड फ्लक्स वाईटच का? तसं नाही. पत्र्याचा डबा, पितळेचं मॉडेल, पोलादी तार, जिथे वीज वाहणार नाही आणि काम झाल्यावर वस्तू नळाखाली धरून घासता येते, तिथे तो हवाच. त्याचा नियम एवढाच: ज्याला अंघोळ घालता येते त्यालाच ॲसिड फ्लक्स. सर्किटला, एलईडी पट्टीला, मोटरला कधीच नाही.

६०, ६३, ९९.३: हे आकडे काय सांगतात?

आता धातूकडे येऊ. वायरच्या रिळावरचे आकडे म्हणजे मिश्रणातलं प्रमाण. पहिला आकडा कथलाचा, दुसरा शिशाचा.

शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, शुद्ध शिसं ३२७ अंशांना. दोघांना मिसळलं की गंमत होते. मिश्रण दोघांपेक्षाही कमी तापमानाला वितळतं. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं या प्रमाणात ते तापमान सगळ्यात खाली, १८३ अंशांवर येतं. आणि तिथे मधली लगदा अवस्था नसते. घन असतं, एकदम द्रव होतं, आणि थंड होताना एकदम घन होतं.

६०/४० हे त्याचं चुलत भावंड. ते १८३ ते साधारण १९० या पट्ट्यात मऊ लगद्यासारखं असतं. पट्टा लहान आहे, पण थंड होताना त्या क्षणी वायर हलली तर सांधा आतून तडकतो. बाहेरून खडबडीत, मंद दिसतो. यालाच कोल्ड किंवा हललेला जॉइंट म्हणतात. हात स्थिर नसेल, तुम्ही नवशिके असाल, तर ६३/३७ तुम्हाला सांभाळून घेतं.

आता बिनशिशाच्या वायरी. बाजारात मुख्य दोन भेटतील. पहिली, ९९.३ टक्के कथील आणि ०.७ टक्के तांबं. ही २२७ अंशांना वितळते. दुसरी, तीन टक्के चांदीवाली, जिला एसएसी ३०५ म्हणतात: ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, ०.५ टक्के तांबं. ही २१७ ते २२० अंशांत वितळते. चांदीमुळे ती महाग, पण पसरते जरा बरी.

तिसरा एक प्रकार आहे, ४२ टक्के कथील आणि ५८ टक्के बिस्मथ. वितळतं फक्त १३८ अंशांना. नाजूक भाग उष्णतेने खराब होऊ नये म्हणून हे छान. पण ते ठिसूळ असतं. ड्रोन, चावीच्या रिंगमधली टॉर्च, जे पडतं-आपटतं तिथे नको. आणि एक सक्त सूचना: बिस्मथवालं आणि शिसंवालं सोल्डर एकाच सांध्यात मिसळू नका. कथील, शिसं आणि बिस्मथ तिघं एकत्र आले तर साधारण ९६ अंशांना वितळणारं मिश्रण तयार होऊ शकतं. म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी. गरम होणाऱ्या मोटरजवळ असा सांधा आपोआप सुटेल.

अंधेरीत एकाच आवारात दोन जगं

बिनशिशाची वायर आली कुठून? युरोपच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर १ जुलै २००६ पासून नियम लागू झाला. शिसं वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालणार नाही, काही अपवाद सोडून. तिकडे माल पाठवायचा तर कारखान्यांना सोल्डर बदलणं भाग पडलं. भारतातही २०११ च्या ई-कचरा नियमांत हीच ०.१ टक्क्याची मर्यादा आली आणि पुढच्या नियमांतही ती राहिली. हा नियम वस्तू बनवून बाजारात आणणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही घरात छंद म्हणून करता त्याला तो थेट लागू होत नाही. म्हणूनच दुकानात दोन्ही वायरी शेजारी शेजारी दिसतात.

आपल्या उपनगरात या विषयाचं एक मजेशीर ठिकाण आहे, सीप्झ. नावात सांताक्रूझ, पत्ता अंधेरी पूर्वेचा. १९७३ साली खास इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी ते सुरू झालं आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे दागिन्यांचे कारखानेही आले. म्हणजे एका कुंपणाच्या आत एकीकडे सर्किट बोर्डाचं सोल्डर, दोनशे-अडीचशे अंशांचं, आणि दुसरीकडे सोन्या-चांदीचं सोल्डर, सहाशे-सातशे अंशांच्या पुढचं. दोघांनाही सोल्डरच म्हणतात. म्हणून दुकानात नुसतं ‘सिल्व्हर सोल्डर द्या’ म्हणालात तर घोटाळा होऊ शकतो. दागिन्यांचं सिल्व्हर सोल्डर ज्योतीशिवाय वितळणार नाही. तुम्हाला हवी असते ती तीन टक्के चांदीवाली बिनशिशाची वायर. तसंच नीट सांगा.

दागिन्यांचा विषय निघालाच आहे तर, ‘केडीएम’ हा शब्द तुमच्या आईने नक्की ऐकला असेल. केडीएम म्हणजे सोन्यात कॅडमियम मिसळून केलेल्या सोल्डरने जोडलेला दागिना. तांब्याचं सोल्डर वापरलं की दागिना मोडताना सोन्याची शुद्धता घटायची. कॅडमियम मात्र तापवताना बरंचसं उडून जायचं, म्हणून शुद्धता टिकायची. गिऱ्हाईक खूश. पण उडून जायचं ते कुठे? ज्योतीजवळ वाकून बसलेल्या कारागिराच्या छातीत. कॅडमियमची वाफ विषारी आहे. हॉलमार्क आल्यावर केडीएम मागे पडलं. यातून आपण घ्यायची गोष्ट अशी की सोल्डर निवडताना वस्तूसोबत करणाऱ्या माणसाचाही विचार करायचा. आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ.

घरात लहान मूल आहे, मग शिसं?

आधी एक गैरसमज काढू. सोल्डर करताना जो धूर दिसतो तो शिशाचा नाही. शिसं १७४९ अंशांना उकळतं, आपली इस्त्री असते साडेतीनशेच्या आसपास. तो धूर राळेचा असतो. अर्थात तोही साधा नाही. राळेच्या धुराने कामगारांना दमा होतो हे वैद्यकशास्त्राला चांगलं माहीत आहे. आणि बिनशिशाच्या वायरीला जास्त तापमान लागतं, म्हणजे धूर जास्त. ‘लेड फ्री आहे, आता खिडकी बंद चालेल’ हा हिशोब चुकीचा.

शिसं शरीरात जातं ते हातातून तोंडात. वायर बोटांनी धरली, त्याच हाताने वेफर्स खाल्ले. किंवा तिसरा हात नाही म्हणून वायर दातात धरली. हे मी रिपेअरिंगच्या टेबलांवर कितीदा बघितलंय. हे अजिबात करू नका. सोल्डरचे बारीक थेंब जमिनीवर उडतात, पोछा मारायच्या आधी रांगणारं मूल तिथे पोचतं, आणि त्या वयात हाताला लागेल ते तोंडात जातं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: रक्तातल्या शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित म्हणून माहीत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही.

मोठं घर असेल, वेगळी खोली असेल, तर शिशाची वायर नीट काळजी घेऊन वापरता येते. पण आपल्याकडे चाळीतली खोली किंवा वन बीएचके असते. अभ्यासाचं टेबल, जेवायची जागा आणि बाळाची गादी सगळं दहा फुटांत. म्हणून माझं घाटकोपरच्या मैत्रिणीला उत्तर सरळ आहे: तुझ्या घरी शिशाची वायर आणू नकोस. ९९.३/०.७ घे. जरा जास्त तापमान लागेल, सांधा थोडा मंद दिसेल, शिकायला दोन संध्याकाळी जास्त जातील. एवढीच किंमत आहे.

आणि वायर कुठलीही असो, हे पाळा:

– स्वयंपाकाच्या ओट्यावर सोल्डरिंग नको. टेबलावर जुनं ताट किंवा ट्रे ठेवा, सगळे थेंब त्यातच पडू द्या.
– खिडकीजवळ बसा. छोटा पंखा असा ठेवा की धूर तुमच्या तोंडापासून दूर, खिडकीकडे जाईल. कापडी मास्कने धूर अडत नाही.
– मधे खाणं-पिणं नाही. उठल्यावर साबणाने हात धुवा.
– ओला स्पंज भांडी घासायच्या सिंकमध्ये पिळू नका. त्यातही सोल्डरचे कण असतात.
– उरलेले तुकडे झाकणाच्या बरणीत साठवा आणि ई-कचऱ्यासोबत द्या.

जाडी आणि इस्त्रीचा मेळ

वायरची जाडी आपल्याकडे बऱ्याचदा गेजमध्ये सांगतात, आणि गेज उलटं चालतं. आकडा वाढला की वायर बारीक. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७, आणि २४ म्हणजे साडेपाच दशांशाच्या जरा वर, ०.५६.

आर्डुइनो, एलईडी पट्टी, साधे पायवाले सुटे भाग यांना २२ गेज उत्तम. मोबाइल किंवा कीबोर्डच्या बोर्डावरच्या बारीक चिपांना २४ किंवा त्याहून बारीक. ड्रोनच्या बॅटरीचे जाड कनेक्टर, स्पीकरच्या वायरी यांना १८. एकच घ्यायची असेल तर २२ घ्या. जाड सांध्याला थोडी जास्त भरवता येते, पण जाड वायरीने बारीक सांधा करायला गेलात तर शेजारचे दोन पाय एकत्र चिकटतात.

आता इस्त्री. बाजारात मिळणारी साधी २५ वॉटची, तापमानाचं बटण नसलेली, शिशाच्या वायरीला पुरते. बिनशिशाच्या वायरीसाठी तापमान ठरवता येणारी घ्या. टोकाचं तापमान शिशाच्या वायरीला ३२० ते ३५०, बिनशिशाच्या वायरीला ३५० ते ३८० ठेवा. टोक आधी सांध्याला टेकवा, सांधा तापू द्या, मग वायर सांध्याला लावा, टोकाला नाही. दोन-तीन सेकंदांत काम झालं पाहिजे. पाच सेकंद झाले तरी वितळत नसेल तर तापमान वाढवत बसण्याआधी टोक बदला. जरा रुंद टोक उष्णता जास्त पोचवतं.

अजून एक, १८६५० सारख्या लिथियम सेलवर थेट सोल्डर करू नका. उष्णतेने सेल आतून खराब होतो, आग लागू शकते. निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्ड केलेले सेल मिळतात, ते घ्या आणि पट्टीच्या टोकाला वायर जोडा.

मॉडेलवाल्यांसाठी: उतरत्या क्रमाने जोडा

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे. अजून बघितलं नसेल तर जाऊन या. तिथे छोट्या गाड्या, सिग्नल, दिवे सगळं चालताना बघून अनेकांना घरी रेल्वे मांडायची हौस येते. ही हौस सोल्डरशिवाय पुरी होत नाही.

घरच्या रेल्वेत पहिलं काम रुळांना वायर जोडणं. एचओ मापाचे, म्हणजे एकास सत्त्याऐंशी प्रमाणाचे रूळ बहुतेक निकेल सिल्व्हरचे असतात. नावात सिल्व्हर आहे, पण आत चांदी नाही. तांबं, निकेल आणि जस्त आहे. त्याला सोल्डर छान बसतं. अडचण खालच्या प्लॅस्टिकच्या स्लीपरची, ते वितळतात. म्हणून रुळाची बाहेरची बाजू कानशीने घासा, रूळ आणि वायर दोघांना आधी वेगवेगळं सोल्डर चढवून घ्या, सांध्याच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवा आणि मग दोघांना एकत्र टेकवून झटकन जोडा. इथे राळेची वायरच, कारण इथे वीज वाहते.

पितळी पत्र्याचं इंजिन किंवा डबा बनवताना प्रश्न वेगळा येतो. दुसरा भाग जोडायला गेलात की पहिला सुटतो. सोनार यावर जुना उपाय वापरतात. पहिला सांधा जास्त तापमानाला वितळणाऱ्या सोल्डरने, पुढचा त्याहून कमी, शेवटचा सगळ्यात कमी. आपणही तेच करायचं. सांगाडा २२७ अंशांच्या कथील-तांब्याने, वरची नाजूक रेलिंग १३८ अंशांच्या बिस्मथने. आणि इथे ॲसिड फ्लक्स चालतो, कारण शेवटी मॉडेलला कोमट पाणी, साबण आणि जुन्या टूथब्रशने अंघोळ घालता येते. ती त्याच दिवशी घाला, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. मोटर आणि वायरिंग त्यानंतरच बसवा.

व्हाइट मेटलचे ओतीव भाग स्वतःच कमी तापमानाला वितळतात. त्यांच्यासाठी परदेशात ७० अंशांचं सोल्डर वापरतात. त्या जुन्या मिश्रणात बिस्मथ, शिसं, कथील यांच्यासोबत कॅडमियम असतं. केडीएमची गोष्ट आठवा आणि पाकीट वाचा. कॅडमियम नसलेलं, साधारण ९५ अंशांचं मिश्रण मिळतं. त्यात शिसं असतंच, म्हणून हात धुणं आलंच. घरात रांगतं मूल असेल तर हे भाग सरळ इपॉक्सीने चिकटवा.

आणि ॲल्युमिनियम? साध्या सोल्डरने बसत नाही. त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर राळेला दाद देत नाही आणि काढला तरी क्षणात परत येतो. स्क्रू किंवा चिकटवणी वापरा.

दुकानात काय बोलायचं

लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. बोरिवली-अंधेरीवाल्यांनी स्लो गाडीने ग्रँट रोडला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडायचं. मुलुंड-घाटकोपरवाल्यांनी दादरला गाडी बदलायची. दुकानं लहान, गर्दी मोठी, दुकानदाराला वेळ कमी. म्हणून एका वाक्यात मागा: ‘लेड फ्री, रोझिन कोअर, २२ गेज, छोटं रीळ द्या.’ धातू, फ्लक्स, जाडी, तिन्ही आलं.

रोझिन कोअर म्हणजे वायर आतून पोकळ आणि त्यात राळ भरलेली. अशी वायर असेल तर वेगळी पेस्ट बहुतेक वेळा लागतच नाही. घ्यायचीच असेल तर डबीवर इलेक्ट्रॉनिक्ससाठी असं लिहिलेली घ्या. ‘सगळ्याला चालते’ म्हणून दिलेली नको.

कथील शिशापेक्षा कितीतरी पट महाग असतं. म्हणून लेबलवर ६०/४० आणि आत कथील कमी, असा माल फिरतो. ओळखायचं कसं? एक थेंब वितळवून थंड होताना बघा. ६३/३७ क्षणात गोठतं आणि चकचकीत दिसतं. कथील कमी असेल तर थेंब बराच वेळ लगद्यासारखा राहतो आणि मंद, राखाडी होतो. ही परीक्षा शिशाच्या वायरीसाठीच. बिनशिशाचा चांगला सांधाही मंद दिसतो, त्यावरून त्याला नापास करू नका. आणि सूट मिळतेय म्हणून नाव-आकडे नसलेलं किलोभराचं रीळ उचलू नका. पन्नास ग्रॅममध्ये कितीतरी मखरं होतात.

मखराचं काय करायचं?

राहिलं मैत्रिणीचं मखर. अजून वाचू शकतं. अडॅप्टर काढून बाजूला ठेव. हिरव्या झालेल्या वायरी टोकापासून कापून टाक, आतलं तांबं लालसर आणि चमकदार दिसेपर्यंत मागे ये. काळं पडलेलं असेल तर अजून काप. पट्टीवरचे पॅड आधी कोमट पाण्यात बुडवलेल्या ब्रशने घास, कारण झिंक क्लोराइड पाण्यात विरघळतं. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पूस, ते गॅसपासून लांब ठेवून. दिवसभर वाळू दे. पॅडच खाल्ला गेला असेल तर पट्टीवर पुढच्या कापायच्या खुणेपर्यंत जा, तिथे नवे पॅड असतात.

मग राळवाल्या वायरीने जोड, वर हीट श्रिंकची नळी चढव, आणि यंदा विसर्जन झालं की पट्ट्या झाकणाच्या डब्यात ठेव, सोबत सिलिका जेलची दोन पाकिटं. काकांची ती गोल डबी परत प्लंबिंगच्या पिशवीत जाऊ दे. ती तिथे चांगलं काम करते.

हे सगळं भाचा झोपल्यावर, आणि तो उठायच्या आत टेबल व जमीन ओल्या फडक्याने पुसून.

बाकी मंडळी, तुमच्या घरात जे रीळ पडलंय त्यावर काय लिहिलंय ते आज एकदा वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर त्यात शिसं आहे असं धरून चाला. पुढच्या भागात भेटू!